चांदकंदाचे डोहाळे

एका राज्यात, ज्याचे नाव विचारू नये कारण सांगणाऱ्यालाच ते ठाऊक नाही, जेवू घालण्याचा मोठा अभिमान होता. पाहुणा आला की पाट मांडावा, पान वाढावे, आणि पाहुणा "पुरे" म्हणाला की खऱ्या वाढण्याला सुरुवात करावी, अशी तिथली रीत. पहिले "नको" लाजेचे, दुसरे सभ्यतेचे, तिसरे सवयीचे. चौथे म्हणायला पाहुण्याचे तोंड रिकामे राहतच नसे. पानावर हात आडवा धरणारा तिथे कच्चा खेळाडू गणला जाई, आणि त्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारी गृहिणी पक्की. जेवून उठलेला माणूस भिंत धरून चालला नाही, तर यजमानाची मान खाली जाई.

अशा राज्याचा राजा होता धवलसेन. त्याची राणी पद्माक्षी. आणि राजाची धाकटी बहीण हंसगौरी, जिच्या आग्रहापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते. नणंद-भावजयीचे सूत जमत नाही म्हणतात, पण या दोघींचे असे जमले होते की एकीला ठेच लागली तर दुसरी पाय चोळीत बसे.

राजाला सारे होते, मूल नव्हते. पुष्कळ वर्षे गेली, नवस बोलून झाले, फेडायची वेळ काही येईना. आणि मग, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, राणीला दिवस राहिले.

राजवाड्यात एकच प्रश्न सुरू झाला: राणीला काय खावेसे वाटते? कारण डोहाळे पुरवले नाहीत तर होणाऱ्या लेकराचे कान फुटतात, हे त्या राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण पद्माक्षी मोठ्या खटल्याच्या घरातून आलेली, मागून घेण्याची तिला सवयच नव्हती. विचारले की ती म्हणे, आहे ते छान आहे. राजा येरझारा घाली. छान काय छान, लेकराच्या कानांचे काय?

एके सकाळी राणीच्या खिडकीत एक साळुंकी बसली आणि बोलू लागली. म्हणाली, निळ्या डोंगरावर धूम्रकेश मांत्रिक राहतो, त्याच्या अंगणात जमिनीखाली चांदकंद होतो, कापला की चंद्राच्या फोडी पडतात. राणी सहज म्हणून गेली, कसा लागत असेल कोण जाणे. बस्स. दासीने ऐकले, दाईला सांगितले, दाईने राजाला सांगितले, आणि राजा जेवणावरून उठला तो थेट घोड्यावर बसला.

निळ्या डोंगराची वाट एका माणसाला एकदाच सापडते. राजाला ती सापडली. धूम्रकेशाच्या डोक्यावर केसांऐवजी धूर होता, बाकी माणूस बरा होता. त्याने राजाचे म्हणणे ऐकून घेतले आणि एक लहानशी टोपली पुढे ठेवली. ही कधी रिकामी होत नाही, म्हणाला, पण एक अट आहे. "खाणारी पुरे म्हणाली, की टोपली पालथी घालायची. मग ती आपली आपण माझ्याकडे येईल. नाही घातलीस, तर पुढचं मी जाणत नाही, टोपली जाणते."

राजा हो हो म्हणाला. त्याचे अर्धे चित्त केव्हाच परतीच्या वाटेला लागले होते.

राणीने पहिली फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले. खोटे कशाला सांगावे, कंद वाईट नव्हता. कोवळ्या खोबऱ्यासारखा, गोडसर, मागाहून केशराचा वास येणारा. राणी हसली. राजाने ते हसू पाहिले आणि त्याला वाटले, आपण जन्माला आलो ते यासाठीच.

मग एक फोड दासीने चाखली, एक दासीच्या बहिणीने, आणि दिवस मावळायच्या आत नगरभर झाले. राणी खाते ते आपण खाल्ले नाही, तर आपल्याला नगरात कोण विचारणार? टोपली तर सरत नव्हती. राजाने वाड्याची दारे उघडली आणि मुक्तहस्ताने कंद वाटला.

पुढचे काय विचारता. चांदकंदाचे थालीपीठ आले, चांदकंदाचे लोणचे आले, आमटीत कंद, ताकात कंद. पुरणपोळीतून पुरण गेले, कंद आला, आणि पोळीला कुणी विचारलेही नाही. वैद्य म्हणाले, याने केस वाढतात. ज्योतिषी म्हणाले, याने शनी शांत होतो. दरबारच्या कवीने कंदावर आर्या रचल्या, त्या कंदाहून गिळायला जड होत्या. मुलगी पाहायला आलेले लोक विचारू लागले, कंद किती तऱ्हांनी येतो हिला? आणि एक नवीच रीत पडली. वाटीत कंद वाढला की ती वाटी आधी खिडकीत ठेवायची, गल्लीतून जाणाऱ्या चार माणसांनी पाहिली की मग खायची. तोवर कंद पार निवून जाई, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

नव्याची नवलाई सरली. लोकांना कंदाचा वीट आला. पण बोलणार कोण? राणीचे डोहाळे ते. कंद नको म्हणणे म्हणजे पोटातल्या राजवंशाला नको म्हणण्यासारखे. शिवाय ज्याला त्याला वाटे, वीट आपल्या एकट्यालाच आलाय, आपल्याच जिभेला काही झालेय. शेजाऱ्याची वाटी तर रोज खिडकीत दिसते. उदाजी नावाचा एक कासार होता. तो बायकोने एवढे केले म्हणून कंद खाई, आणि बायको उदाजीला आवडतो म्हणून करी. दोघे एकमेकांकडे पाहून हसत आणि गिळत. मला त्या दोघांचा राग येत नाही. संसारात असे पुष्कळ काही गिळावे लागते.

आणि सर्वांत आधी वीट आला तो राणीला. डोहाळ्यांचे तसेच असते, वाऱ्यासारखे येतात नि वाऱ्यासारखे जातात. एका दुपारी राजा स्वतःच्या हाताने फोड भरवू लागला, तेव्हा ती म्हणाली, आता पुरे. राजा हसला. रीतच होती हसायची. त्याने आणखी मोठी फोड उचलली. थोड्या वेळाने हंसगौरी वाटी घेऊन आली. राणी म्हणाली, वन्सं, खरंच नको. हंसगौरी म्हणाली, हे तुमच्यासाठी नाहीच मुळी, माझ्या भाच्यासाठी आहे, आणि वाटी रिकामी करूनच उठली. मग दाई आली. राणी तिलाही पुरे म्हणाली. दाईने तर लहानपणी राजालाही नाक दाबून भरवले होते. तिने ऐकले असते तरच नवल.

कोपऱ्यात टोपली करकरली. कुणी लक्ष दिले नाही.

दुसऱ्या दिवशी राज्यातल्या दुधाला चांदकंदाची चव आली. मीठ चाखले, तर कंद. मिरची चाखली, तर कंद. विहिरीच्या पाण्यालाही तीच गोडसर, केशरी, नको झालेली चव. शेतकऱ्याने कांदा उपटला तर खाली कंद निघाला. तान्ही मुले दूध टाकू लागली, म्हातारी माणसे नुसती बसून राहू लागली. जगात खायला एकच गोष्ट उरली होती.

आणि राणीने नको म्हणायचे सोडून दिले. जे पुढे येईल ते ती खाई, खाऊन हसे, आणि मग पडद्याआड जाऊन सगळे ओकून टाकी. चूळ भरून, पदर नीट करून पुन्हा बाहेर येई. अंगावर मांस राहिले नाही. वैद्याने नाडी पाहिली आणि राजाला बाजूला नेऊन सांगितले, की दोन नाड्या लागतात, त्यांतली धाकटी दमत चालली आहे. असेच चालले तर दोन्ही जातील. राजाने विचारले, उपाय? वैद्य म्हणाला, कंदाचे सार द्यावे. त्याच्याकडे तरी दुसरे काय होते?

हंसगौरीने एकदा पडद्याआड पाहिले. वहिनी भिंतीला कपाळ टेकून उभी होती.  हंसगौरी तशीच मागे फिरली, टोपली उचलली आणि पालथी घातली. पण वेळ टळून गेली होती. टोपलीतून कंदांचा लोंढा सुटला, महाल भरला, जिने भरले, चौकात गुडघाभर कंद साचला. टोपली तशीच, काठोकाठ.

तेव्हा ती साळुंकी पुन्हा खिडकीत आली. "टोपली ज्याची, त्याला विचार. राजाची वाट सरली. तुझी अजून आहे."

हंसगौरीने कुणाला सांगितले नाही. ती पायीच निघाली, आणि वाट तिला सापडली. वाटेत तिला एक बोलका कोल्हा भेटला, त्याच्याशी ती बोलली नाही. एक नदी भेटली, तिने आपण होऊन जागा दिली. निळ्या डोंगरावर धूम्रकेश अंगणात बसला होता. तिने पाया पडून सगळे सांगितले आणि टोपलीचा राग शांत करायला काय लागते ते विचारले.

मांत्रिक म्हणाला, "टोपली रागावलेली नाही, बाई. ती घाबरली आहे. खाणारा पुरे म्हणाला की थांबायचं, एवढंच तिला शिकवलंय. न ऐकणाऱ्या माणसांत ती कधी राहिली नव्हती."

मग त्याने सांगितले, की आत तीन पाहुणे बसले आहेत, त्यांना जेवू घाल. तिघेही तृप्त होऊन उठले, तर उपाय सांगेन. एकाच्या बाबतीत चुकलीस, तर हाताचे एक बोट कंद होईल. बोटे आहेत तोवर पुन्हा वाढता येईल.

हंसगौरी मनात हसली. जेवू घालायचे? हे तर तिच्या डाव्या हातचे काम.

पहिला पाहुणा राक्षस होता. त्याची मांडी दोन पाटांवर मावत नव्हती. त्याने डोंगराएवढा भात खाल्ला, तळ्याएवढी आमटी प्यायला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, पुरे. हंसगौरीचा हात आपोआप पळीकडे गेला. एवढ्यात? माझ्या हातचे एवढे तरी, म्हणून तिने वाढले. राक्षस असला तरी तो पाहुणा होता, भिडस्त होता. त्याने खाल्ले. मग त्याचे डोळे पांढरे झाले आणि तो आडवा झाला, आणि हंसगौरीची करंगळी पांढरी पडून गोडसर कंद झाली.

राक्षस पुन्हा उठून बसला, पान पुन्हा मांडले. भात खाऊन, आमटी पिऊन तो पुन्हा म्हणाला, पुरे. हंसगौरीच्या जिभेवर सगळे शब्द हात जोडून उभे होते: एवढंसं काय, लाजू नका, माझी शपथ आहे. तिने जीभ चावली आणि पळी खाली ठेवली. तिला वाटले, आता हा रागावणार, म्हणणार की या घरात माणुसकी नाही. राक्षस बराच वेळ वाट पाहत राहिला. मग त्याला कळले की आणखी काही येत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाला, इतक्या घरी जेवलो, पण जेवून झाल्यावर श्वास घेता येतो हे आज कळले. तो उठून चालता झाला, आणि तिची करंगळी होती तशी झाली.

दुसरा पाहुणा एक म्हातारी जखीण होती. वाळलेली, स्वच्छ लुगडे नेसलेली. हंसगौरीने लहान भांड्यातून दोन मुठी भात वाढला. जखिणीने तो खाल्ला आणि म्हणाली, पुरे हो मुली. हंसगौरी आता शहाणी झाली होती. तिने लगेच भांडे उचलले. जखीण उठली, दारापर्यंत गेली आणि भुकेने घेरी येऊन उंबऱ्यावर बसली. हंसगौरीच्या दुसऱ्या बोटाचा कंद झाला.

आता मात्र ती गोंधळली. ऐकले नाही तरी चूक, ऐकले तरी चूक? ती म्हातारीला धरून आत घेऊन आली, आणि पाटावर बसवताना तिने पाहिले, की म्हातारीची नजर पानाकडे नाही, भांड्याच्या तळाकडे आहे. हंसगौरी तिच्यापुढे बसली. भांडे तिरपे करून दाखवले. चुलीवरचे मोठे पातेलेही उघडून दाखवले.

"आजी, भात पुष्कळ आहे. माझा वेगळा काढून ठेवलाय. आता सांगा."

"तुझा काढलायस ना?" म्हातारीने विचारले. "मग घाल थोडा."

जेवता जेवता जखिणीने सांगितले, की फार पूर्वी राज्यात मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा पाहुणा भुकेला असला तरी पुरे म्हणायचा, घरच्या मुलांना उरावे म्हणून. आणि घरची बाई ते ओळखून आणखी वाढायची, पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून. दोघेही एकमेकांचा घास वाचवत असत. दुष्काळ गेला, बोलणे तेवढे राहिले. हंसगौरीला आपल्या लोकांची फार माया आली. तिने म्हातारीला तीनदा वाढले, आणि चौथ्यांदा म्हातारीने नजर पानावरून काढून अंगणाकडे नेली, तेव्हा थांबली. बोट बरे झाले.

तिसरा पाहुणा डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई होती. तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, हसू तेवढे दिसत होते. हंसगौरीने वाढले, तिने खाल्ले. आणखी हवे? बाईने मान डोलावली. पुरे का? त्यालाही तशीच मान डोलावली. पातेले दाखवले, तरी तेच हसू. वाढले तर खात होती, थांबले तर वाट पाहत होती. एकदा वाढताना चूक झाली, एकदा थांबताना चूक झाली, आणि हंसगौरीची दोन बोटे गेली. मग तिसरे गेले.

हंसगौरी थकली. तिने बाईकडे नीट पाहिले. बाईच्या उजव्या हातात घास होता, आणि डावा हात पदराचे टोक मुठीत घेऊन पिळत होता. पिळून पिळून टोक चुरगळून गेले होते. हंसगौरीने ती मूठ ओळखली. रोज समोर बसून वहिनीला भरवताना ती तिला दिसत आली होती, आणि तिने ती कधी पाहिली नव्हती.

तिच्या हातून पळी पडली. ती रडू लागली. बाईच्या शेजारी, तिच्याच पाटाच्या कडेला ती बसली आणि काही वाढले नाही, काही विचारले नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढले. केव्हातरी बाईने हातातला घास पानात ठेवला.

"मला भूकच नव्हती," बाई म्हणाली. "नको म्हणायचं मी सोडून दिलं, कारण ते कुणी घेतच नव्हतं."

एवढे बोलून ती उठली आणि हलक्या पावलांनी निघून गेली. हंसगौरीच्या हाताला पाचही बोटे होती.

धूम्रकेशाने उपाय सांगितला. तो ऐकायला सोपा होता. राणीने मनापासून नको म्हणावे, आणि ज्याने टोपली आणली त्याने ते पहिल्याच शब्दाला घ्यावे. पण राणीला पढवायचे नाही. शिकवून म्हटलेले नको, ते नकोच नव्हे. राजाला सांगितले तर एकच सांग, की आज वाढू नको.

डोंगराने परतीची वाट आखडून घेतली, म्हणून ती संध्याकाळच्या आत नगरात पोचली.

राजवाड्यात त्या दिवशी राणीचे डोहाळजेवण होते. वैद्य नको म्हणत होता, पण राजाला वाटले, निदान त्यामुळे तिला थोडे खावेसे वाटेल. झोपाळा फुलांनी सजवला होता. पद्माक्षी हिरव्या शालूत बसली होती, आणि शालूत शालूच जास्त होता. समोर चौरंगावर कंदाचे लाडू, कंदाच्या करंज्या, कंदाची खीर. नगरातल्या बायका ओटी भरायला जमल्या होत्या, चौकात पुरुष उभे होते. राजाच्या हातात वाटी होती.

हंसगौरी गर्दीतून वाट काढीत भावापाशी गेली. म्हणाली, "दादा, आज वाढू नकोस. नुसता बैस."

राजाला वाटले, प्रवासाने हिचे डोके फिरले. पण बहिणीचे डोळे पाहून त्याने वाटी खाली ठेवली आणि झोपाळ्यासमोर जमिनीवर बसला. वाटीवाचून त्याला हातांचे काय करावे ते कळेना. गुडघ्यावर ठेवले, मांडीवर ठेवले. राणी सवयीने हसली आणि म्हणाली, आणा ना, खाते मी.

राजा उठायला लागला. अर्धा उठलासुद्धा. मग पुन्हा बसला, आणि आजवर जे कुणाला बोलला नव्हता ते बोलला.

"मला फार भीती वाटते गं. तू रोज थोडी थोडी नाहीशी होतेस. मला दुसरं काही करता येत नाही, म्हणून मी वाढत राहतो."

 राणीचे हसू ओठांवरून गळून पडले. त्याच्यामागचा थकलेला, भ्यालेला चेहरा राजाला पुष्कळ दिवसांनी दिसला. तिची मूठ पदरावर आवळली होती, ती हळूहळू सुटली.

"महाराज, मला कंद नको," ती म्हणाली. "तुम्ही डोंगर चढून आणलात, म्हणून मी खात राहिले. मला तो फार दिवसांपासून नकोय."

राजाच्या ओठांवर पिढ्यान्‌पिढ्यांचे शब्द आले. असं कसं. एवढंसं तरी. लेकराच्या कानांसाठी. दाई मागून पुटपुटलीही, की एक करंजी घ्यायला काय हरकत आहे.  हंसगौरीला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण सांगायची मनाई होती.

राजाने चौरंग दोन्ही हातांनी उचलला, राणीच्या समोरून दूर नेला आणि परत येऊन बसला. "बरं," तो म्हणाला.

टोपली एकदा करकरली आणि आपली आपण पालथी झाली. जिन्यावरचे, चौकातले, कोठारांतले सगळे कंद बर्फासारखे विरून गेले. लाडवांच्या जागी रिकामी ताटे उरली. टोपली खिडकीतून उडाली आणि निळ्या डोंगराच्या दिशेने दिसेनाशी झाली.

चौकात कुणीतरी घागरीतले पाणी प्याले आणि म्हणाले, पाणी आहे. मग सगळेच पाणी पिऊ लागले. एकाने मिठाचा खडा जिभेवर ठेवला आणि आनंदाने डोळे पुसले. उदाजी कासाराने धीर करून बायकोला सांगितले, की त्याला कंद कधीचाच नकोसा झाला होता. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. ती म्हणाली, मग मी काय हौसेने सोलत होते? दोघे तिथेच इतके हसले, की शेजारी विचारायला आले, आणि कारण ऐकून तेही आपापल्या बायकांकडे वळले. त्या संध्याकाळी नगरात घरोघरी हीच कबुली चालली होती. कुणी कुणाला वेड्यात काढले नाही. सगळेच सारख्या वेडात होते.

राणीला भूक लागली ती दिवेलागणीला. तिने मऊ भात मागितला, त्यावर मेतकूट आणि तूप. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी नाव घेऊन मागितले. ती सावकाश जेवली. चार-सहा घास पोटात गेले, ते पोटात राहिले. मग तिने हात थांबवला. पानात अर्धा भात उरला होता, आणि पानात टाकणे ही त्या राज्यात केवढी मोठी गोष्ट, हे मी सांगायला नको. दाई पुढे सरसावली. राजाने तिला हाताने थांबवले. मग त्याने ते पान आपल्यापुढे ओढले, आणि राणीने टाकलेला भात तो शेवटच्या शितापर्यंत जेवला. किती दिवसांनी जेवत होता कोण जाणे. त्याला वाढायचे कुणाला सुचलेच नव्हते.

राणीच्या अंगावर मांस चढले. दिवस भरले, आणि तिला मुलगी झाली. कान दोन्ही उत्तम होते. कंदाचा डोहाळा अर्ध्यावर सुटला म्हणून त्यांना काहीसुद्धा झाले नाही.

बाळ पहिल्यांदा आईच्या अंगावर प्यायले, पोटभर प्यायले, आणि मग त्याने तोंड फिरवले. सुईण सवयीने म्हणाली, अजून थोडं घे गं बाय, एवढ्याशानं काय होतंय. एवढे बोलून तिने स्वतःच जीभ चावली. सगळ्या महालाने त्या फिरवलेल्या तोंडाकडे पाहिले. हंसगौरीने पुढे होऊन भाचीला उचलले, खांद्यावर घेतले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाळाने एक लहानशी ढेकर दिली आणि ते झोपी गेले.

तिचे जसे ऐकले गेले, तसे ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे ऐकले जावो. ताटात हवे तेवढे असो, आणि नको म्हटले की कुणीतरी बरं म्हणणारे असो.